तीन मिनिटांचं शून्य

जालना मागे पडलं आणि मला बसवेना. बस चांगली होती, खिडकी मिळाली होती, शेजारच्या बाई अबोल होत्या. तक्रारीला जागाच नव्हती. पण माझं हे असंच. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही बोहल्यावर तरी कशी उभी राहणार देव जाणे. आता पन्नाशी उलटली तरी भिंगरी काही सुटलेली नाही. सिंदखेडराजाला बस चहाला थांबली तेव्हा मी उतरले आणि बसभोवती दोन फेऱ्या मारल्या. कंडक्टर दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मॅडम, गाडी फिरून राह्यली ना? मंग तुमी कायले फिरता?"

तर अशा बाईनं हौसेनं अंगावर घेतलेलं काम कोणतं? एका जागी दहा मिनिटं न हलता उभं राहून पक्षी मोजायचे.

हे जरा नीट सांगायला हवं. पुण्यात मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि थंडीत रजा टाकून एका पक्षीगणनेसाठी फिरते. एखाद्या भागात पक्ष्यांच्या किती जाती आहेत हे कळायला सगळा मुलूख पालथा घालता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी लागते. पण शीत कुठलं उचलायचं? हौशी माणूस तळ्यावर जातो, कारण तिथे पक्षी असतात. ते झालं तूप पडलेलं शीत. त्यावरून पातेल्याच्या बुडाशी काय शिजलंय ते कसं कळणार? म्हणून नकाशावर चौकोन आखायचे, संगणकाला चिठ्ठ्या काढायला लावायच्या आणि चिठ्ठीत जी जागा निघेल तिथे मुकाट्यानं जायचं. मग तिथे पळसाचं बन असो नाहीतर वीटभट्टी. जागा सोयीनं सरकवायची नाही. दहा मिनिटं उभं राहायचं, शंभर पावलांच्या आत जे दिसेल, जे ऐकू येईल ते लिहायचं. काहीच नसलं तर शून्य लिहायचं. 'शून्य हीसुद्धा माहिती असते,' हे वाक्य मी वर्गात दर वर्षी मोठ्या तोऱ्यात फेकते.

बुलढाणा जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला आमच्या वाट्याला वीस ठिकाणं आली होती. गंमत म्हणजे त्यातलं एकही लोणारच्या सरोवराकाठी पडलं नाही. बसमध्ये ज्याला त्याला मी पक्षी बघायला चालले असं सांगत होते आणि जो तो म्हणत होता, "सरोवरावर ना?" नाही हो. तुरीच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), खदानीत आणि बोडक्या माळावर.

सुलतानपूरच्या थांब्यावर बशीरभाई मोटारसायकल घेऊन उभे होते. बशीरभाई गादीवाले. म्हणजे पिंजारी. गावोगाव जाऊन जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून देतात, त्यामुळे आजूबाजूच्या पन्नासेक खेड्यांतली प्रत्येक पांदण (शेतातून जाणारी गाडीवाट) त्यांना पाठ. गेल्या थंडीत मला वाटाड्या हवा होता, कोणीतरी त्यांचं नाव सांगितलं, आणि त्यांनी नुसती वाट दाखवली नाही, घड्याळ धरायचं आणि तक्ता लिहायचं कामही उचललं. अक्षर मोत्यासारखं. मी पक्ष्याचं नाव सांगायची, ते लिहायचे.

"काऊन उशीर झाला मॅडम? गाडी पंचर झालती का?"

"नाही, मीच घाई केली नाही कुठे," मी म्हटलं. ते हसले. त्यांना माझी घाई चांगली ठाऊक होती, फारच चांगली, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

आधी आलूबोंडा झाला. पुणेकरांनी त्याला बटाटेवडा समजू नये. हा वर पातळ, लालभडक रस्सा घेऊन येतो आणि पहिल्या घासाला नाकातून पाणी काढतो. मग त्यांच्या घरी. शमीमभाभींनी तुरीच्या ओल्या दाण्यांची, इथल्या बोलीत सोल्यांची, भाजी केली होती, ज्वारीची भाकरी होती, आणि भिंतीवर चौकटीत एक कागद लावला होता. ही गणना चालवणाऱ्या आमच्या सरांनी गेल्या वर्षी बशीरभाईंना पाठवलेलं प्रमाणपत्र. 'पक्षीगणनेतील मोलाच्या सहभागाबद्दल.' भाभी म्हणाल्या, येणाऱ्या प्रत्येकाला हे वाचून दाखवावं लागतं. मला बरं वाटलं. भाकरी आणखी अर्धी घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. त्या दिवशीच्या फेरीत अकरा ते पंधरा अशी पाच ठिकाणं होती. अकरा नंबर तुरीच्या शेतात. तिथे सातभाई पक्ष्यांनी एवढा कलकलाट केला की दहा मिनिटं कशी गेली कळलंच नाही. बारा नंबरला एका आजोबांनी हरभऱ्याचे घाटे हातात ठेवले आणि विचारलं, "पाखरं मोजून सरकार काय करन?" मी म्हटलं, "सरकार नाही आजोबा, आम्हीच मोजतो." ते म्हणाले, "मंग ठीक हाये," आणि आणखी मूठभर घाटे दिले. तेरा नंबरच्या वाटेवर बाभळीचा काटा चाकात गेला. बशीरभाई पंक्चर काढेपर्यंत मी रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते. "मॅडम, तुमी चालल्या तेवढ्यात आपन पायी पोचलो असतो," ते खाली मान घालून म्हणाले.

चौदा नंबरला पोचायला नऊ वाजून गेले.

चौदा नंबर म्हणजे गावाबाहेरचा माळ. इथले लोक त्याला 'ई-क्लास' म्हणतात, म्हणजे सरकारी चराईची जमीन. गुडघ्याएवढं वाळकं गवत, मधे मधे मुरूम उघडा पडलेला, झाड औषधालाही नाही. गवतात शिरलं की पाच पावलांत मोज्यांत कुसळं भरतात आणि मग उभं राहणं म्हणजे शिक्षा. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. ते आठवलं आणि मी तिथला विचार तिथेच सोडून पुढे चालायला लागले.

तर माळावर पांढरे ठिपके. चुन्यानं, ओळीनं, चार-चार पावलांच्या अंतरानं. गावाकडच्या अंगाला तर खड्डे खणूनही झाले होते. आणि त्या ठिपक्यांमधे पाचपन्नास मेंढरं आणि एक बाई उभी. साठीची असेल, काष्टा घातलेला, खांद्यावर घोंगडी.

"तुमीच का त्या पाखरंवाल्या बाई?" तिनं लांबूनच विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग या इकडे. मले तुमाले एक इचाराचं होतं. इथं काहीच नाई असं तुमी काऊन लिवलं?"

ही कौसाबाई. धनगराची. तिच्या सासऱ्यापासून त्यांची मेंढरं याच माळावर. तिनं जे सांगितलं ते असं: गावानं माळावर झाडं लावायचं ठरवलंय. सगळ्या माळावर, कुंपण घालून. तिनं विरोध केला की इथे नुसतं गवत नाही, इथे पाखरं राहतात, उन्हाळ्यात भुईवर अंडी घालतात, हा माळ काही रिकामा नाही. तेव्हा सरपंचांनी पंचायतीतला कागद काढून दाखवला. कागद आमचा. प्रत्येक गावाला त्याच्या हद्दीतल्या ठिकाणांची यादी द्यायची हा आमच्या सरांचा शिरस्ता. त्या कागदावर चौदा नंबरपुढे लिहिलं होतं: वेळ दहा मिनिटं, पक्षी शून्य. उद्या अकरा वाजता ग्रामसभा, त्यात ठराव.

"कागदावर पुन्याच्या बाईची सही हाये म्हने," कौसाबाई म्हणाली. "माह्या बोलन्याले कोन इचारते?"

पण वेळ दहा मिनिटं नव्हती. गेल्या वर्षी या माळावर मी तीन मिनिटं उभी राहिले होते. फार तर साडेतीन. कुसळं टोचत होती, ऊन चढत होतं, समोर पिवळं गवत आणि काही हलेना. मी म्हटलं होतं, "इथे काही नाही हो बशीरभाई. लिहा शून्य." त्यांनी विचारलं होतं, "दहा मिनिट झाले का मॅडम?" आणि मी मोटारसायकलकडे चालता चालता म्हटलं होतं, "झालेच समजा."

"आज परत मोजते," एवढंच म्हटलं. मनात म्हटलं, आज दहा मिनिटं इमानदारीत उभी राहते, पक्षी मिळतील, नवा कागद जुन्या कागदावर पडेल आणि सगळं सुतासारखं सरळ होईल. कोणाला काही सांगायची गरजच पडणार नाही. कौसाबाईनं मेंढरं लांब नेली. बशीरभाईंनी घड्याळ लावलं.

उभी राहिले. उजव्या मोज्यात कुसळ, डाव्या मोज्यात कुसळ. तिसरं मिनिट, चौथं मिनिट. नुसतं गवत. सहावं. कानात वारा. माझा पाय आपोआप उचलला जात होता आणि मी तो परत टेकवत होते. आठवं, नववं. "या ना रे," मी पुटपुटले, "एक तरी या." साधी चिमणीसुद्धा नाही.

"दहा," बशीरभाई म्हणाले. शून्य.

आणि मग, आम्ही तक्ता बंद करत होतो, बारावं मिनिट असेल, तेव्हा ओढ्याच्या बाजूनं 'कुट्‌रो, कुट्‌रो' असा आवाज आला आणि आठ पखुर्ड्या (कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा माळावरचा पक्षी) सरळ येऊन आमच्यापासून पन्नास पावलांवर गवतात उतरल्या.

"दिसल्या?" कौसाबाई तिकडून ओरडत आली. "दिसल्या ना? पानी प्याले जातात त्या, रोज या टायमाले. आता आल्या घरी. लिवा!"

मी तक्त्याकडे बघत राहिले. लिहिणं किती सोपं होतं! पेन हातात, पक्षी डोळ्यांसमोर, खोटंही नव्हतं. फक्त दोन मिनिटं इकडची तिकडे. पण दोन मिनिटं मी अशी ढकलायला लागले की प्रत्येक ठिकाणी मला हवं तेव्हा ढकलणार, मग त्या दहा मिनिटांना अर्थ काय? गेल्या वर्षी सात मिनिटं खाल्ली, आज दोन वाढवायची. दोन खोट्यांची बेरीज खरी होत नाही, हे तर मी शिकवते.

"कौसाबाई, मोजणी संपल्यावर आल्या त्या. तक्त्यात नाही लिहिता येत. खाली 'मोजणीबाहेर' म्हणून लिहिते."

"खाली कोन वाचते?" ती म्हणाली. खरंच होतं. खाली कोणी वाचत नाही. "डोयानं पाह्यलं तरी नाई लिवत, अन् मांगच्या साली न पाहता लिवलं. मंग आल्या कायले तुमी?"

ती मेंढरं घेऊन निघून गेली. मला इतकी लाज वाटली की पंधरा नंबर मी कसा केला ते आज सांगता येणार नाही. दहा मिनिटं पूर्ण केली एवढं नक्की.

दुपारी बशीरभाईंच्या ओसरीवर पान वाढलेलं होतं. शेवटी मी म्हटलं, "बशीरभाई, गेल्या वर्षी चौदाला दहा मिनिटं झाली नव्हती."

"माहीत हाये मॅडम. घड्याळ माह्याच हातात होतं."

"मग बोलला का नाहीत?"

ते भाकरीचा तुकडा मोडत बसले. "तुमी कॉलेजात शिकवता. मले वाटलं, शिकलेल्या मानसाले तीन मिंटात समजत असन. आपल्याले दहा लागतात."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. ते अगदी सरळ मनानं बोलत होते, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

उष्टा हात धुऊन मी सरांना फोन लावला. आमचे सर फार कमी बोलतात. मी भराभर सांगत गेले. ते ऐकत होते.

"असं कुठे कुठे केलंत?"

"चार ठिकाणी, सर. तीन, नऊ, चौदा आणि सतरा. बाकी सोळा ठिकाणी पूर्ण दहा मिनिटं."

"ती सोळा बरोबर होती हे मला कसं कळणार?"

"मी सांगते ना, सर."

मग ते म्हणाले, "या चारांवरही तुम्हीच सही केली होती." आणि नंतर अगदी शांतपणे, "गेल्या वर्षीची वीसही ठिकाणं काढून टाकतो. तसं मी गावांनाही कळवेन. या वर्षी वीसच्या वीस पुन्हा करा. आणि क्रम उलटा घ्या. दर वेळी एकच ठिकाण शेवटी आलं, तर तिथे दर वेळी उशिराच पोचाल."

म्हणजे बशीरभाईंची गेल्या वर्षीची मेहनतही गेली. भिंतीवर ते प्रमाणपत्र तसंच होतं. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो का," आणि उठून गाद्यांच्या कारखान्यात, म्हणजे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. पिंजायच्या यंत्राचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता. मी अंगणात फेऱ्या मारत होते. शमीमभाभी एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "बसा ना, बाई, चक्कर येईल." बसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराची ग्रामसभा साडेबाराला सुरू झाली. पंचायतीसमोरच्या मांडवात सत्तर-ऐंशी माणसं, बायका एका बाजूला. सरपंच भाजीपाल्याची शेती करणारे, मृदू बोलणारे गृहस्थ. मला खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. त्यांना गाव हिरवं करायचं होतं, आणि बोडका माळ बघून त्यांना वाईट वाटत होतं. बहुतेक लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून तर मी तीन मिनिटांत निघाले.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. "तुमच्याकडे जो कागद आहे," मी म्हटलं, "त्यावरचं शून्य खोटं आहे. मी दहा मिनिटं उभी राहिले नव्हते. तीन मिनिटं राहिले. चूक माझी एकटीची आहे."

कुजबुज झाली. मागून आवाज आला. "एकटीची नाई." बशीरभाई उभे राहिले होते. मी त्यांचं नाव घेणार नव्हते, त्यांनी यावं असंही म्हटलं नव्हतं. "दहा मीच लिवलं. माह्याच हातानं. घड्याळ पाहून लिवाचं होतं, मी मॅडमच्या तोंडाकडे पाहून लिवलं."

ते खाली बसले. त्या गावात घरटी एक गादी त्यांनी भरलेली, सगळे त्यांना ओळखणारे. मला त्यांच्याकडे बघवेना.

सरपंचांनी चष्मा पुसला. "बाई, तुमी खरं सांगतलं, चांगलं केलं. पन काल तुमी परत मोजलं म्हने. आता किती निघाले?"

"शून्य," मी म्हटलं.

सगळा मांडव हसला. हसणारच! मीही त्यांच्या जागी हसले असते. "खरी दहा मिनिटं उभी राहिले, आणि तरी शून्य," मी म्हटलं. "पण एकदा न दिसणं म्हणजे नसणं नव्हे..." आणि मी नमुना, पुनरावृत्ती, शक्यता असं काहीबाही सांगायला लागले. माझं मलाच कळत होतं की एका कानानं जातंय आणि दुसऱ्या कानानं निघतंय.

तेवढ्यात बायकांमधून कौसाबाई उठली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "सरपंच, परवा दुपारी मी तुमच्या घरी आलती. कुलूप होतं. शेजारीबी कुलूप. सारे वावरात. मंग काय, गाव उठलं असं लिवू?"

पुन्हा हसू आलं, पण आता वेगळं. "आता बोला!" कोणीतरी म्हणालं. सरपंचही हसले. मग चर्चा तासभर चालली. त्यात पाखरं थोडी आणि गवत, सावली, शेळ्या, पाणी, जुनी भांडणं जास्त. शेवटी ठरलं ते असं: गावाकडच्या अंगाचे खड्डे झालेत, तिथे झाडं लागतील. वरचा अर्धा माळ तूर्त तसाच राहील. आम्ही उन्हाळ्यापर्यंत तीन वेळा येऊन मोजायचं, तीनही वेळा कौसाबाईला सोबत घ्यायचं, मग पुन्हा सभा. अर्धा माळ गेला. कौसाबाईनं ठरावावर अंगठा दिला नाही. बाहेर पडताना मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "माझं चुकलं."

"हाव, चुकलं," ती म्हणाली. मग घोंगडी खांद्यावर टाकत, "उद्या सकायी लवकर या. पानी प्याले जायच्या आंधी."

आता क्रम उलटा. दुसऱ्या दिवशी पंधरा आणि मग लगेच चौदा. सूर्य हातभर वर आला होता. या वेळी मी मोजे न घालताच बुटात पाय घातले होते. कुसळं टोचायची ती टोचलीच. कौसाबाई बाजूला दगडावर बसली. बशीरभाईंनी घड्याळ लावलं आणि या खेपेला माझ्या तोंडाकडे अजिबात पाहिलं नाही.

पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. काही नाही. माझ्या अंगाला ओळखीची खाज सुटली. चला, पुढे चला, इथे काही नाही. चौथं. समोर मुरमात चारसहा ढेकळं पडलेली, त्यांच्याकडे मी मघापासून बघत होते. पाचव्या मिनिटाला त्यातलं एक ढेकूळ चालायला लागलं.

मग दुसरं चाललं. पखुर्डी! एक, दोन, सहा. मी आल्यापासून तिथेच होत्या, वीस पावलांवर. त्यांच्या पलीकडे दोन चंडोल उठले, एक वर चढत गाऊ लागला. आठव्या मिनिटाला धाविक, लांब पायांचा, डोळ्यावर पांढरी रेघ असलेला, चार पावलं पळायचा आणि खांबासारखा उभा राहायचा. मी हळू आवाजात नावं सांगत होते, बशीरभाई लिहीत होते. मला रडू येत होतं. आनंदानं नाही. गेल्या वर्षीही ही ढेकळं अशीच समोर होती की काय, हे मला आता कधीच कळणार नव्हतं.

"दहा," बशीरभाई म्हणाले. "सहा पखुर्डी, दोन चंडोल, एक धाविक."

"साहाच?" कौसाबाई म्हणाली. "तिकडच्या अंगाले अजून हायेत."

"दिसल्या तेवढ्याच," बशीरभाईंनीच उत्तर दिलं.

पुढच्या चार दिवसांत वीसही ठिकाणं झाली. तीन, नऊ आणि सतरा नंबरलाही गेले. नऊला कोतवाल आणि वेडे राघू मिळाले. तीन आणि सतराला दहा मिनिटं उभं राहूनही शून्यच आलं. ही दोन शून्यं मात्र खरी होती. निघताना शमीमभाभींनी सोल्यांचा डबा बांधून दिला. भिंतीवरची चौकट काढलेली होती. बशीरभाई थांब्यापर्यंत आले, बॅग वर दिली आणि म्हणाले, "होळीच्या आंधी या. मी घड्याळ घेऊन तयार हाये."

बस सुटली. बीबी गेलं, दुसरबीड गेलं. पुण्याला पोचले की सगळे विचारणार, किती जाती दिसल्या? आणि मी सांगणार. असं सगळं छान जुळवत बसले होते, आणि एकदम अंगावर काटा आला.

हे काम मी अकरा वर्षं करते आहे. वाशिम, परभणी, बीड, जालना. किती तरी माळ, किती तरी पडीक रानं, आणि किती तरी शून्यं. त्यातली किती दहा मिनिटांची आणि किती तीन मिनिटांची? मी आठवू लागले. परभणीचा तो खडकाळ पट्टा, तिथे मी थांबले होते? बीडजवळच्या माळावर ऊन फार होतं, तिथे? काही आठवेना. लोणारची चार आठवली, कारण ती ताजी होती. बाकीच्या ठिकाणी ना कौसाबाई भेटली, ना कोणी विचारलं. तिथेही आमचे कागद पंचायतीच्या कपाटांत असतील. तिथेही कोणीतरी ते काढून कोणालातरी दाखवले असतील, आणि ऐकणाऱ्यानं मान खाली घालून मेंढरं दुसरीकडे नेली असतील.

शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं मला गाडी लागतेय. त्यानं खिडकी उघडून दिली. मी फोन काढला आणि सरांना लिहिलं: 'सर, फक्त मागचं वर्ष नाही. माझं एकही जुनं शून्य धरू नका. सगळ्या जिल्ह्यांतली काढा.' 'पाठवा'वर बोट तसंच धरून थोडा वेळ बसले. अकरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत.

मग पाठवलं. सिंदखेडराजाला बस चहाला थांबली. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं आहेत, उतरा ज्याला उतरायचं त्यानं. सगळे उतरले. मी जागेवर बसून राहिले.